लिंबावरची अडवी गुब्बी

मागच्या वर्षी होळी होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा माझा पाय मोडला. मी बसवर कंडक्टर आहे. उमरग्याहून मुरुमकडं जाणारी दुपारची फेरी होती. एका फाट्यावर एक म्हातारी उतरत होती. तिचं गाठोडं खाली द्यावं म्हणून मी तिच्या मागोमाग उतरायला गेले आणि शेवटची पायरी पायाखाली आलीच नाही. चूक कुणाची नव्हती, माझंच लक्ष गाठोड्यात होतं. म्हातारीनं रस्त्यावर बसकण मारून माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि ड्रायव्हर धावत येईपर्यंत माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. तिचं नाव-गाव मला आजही माहीत नाही.

घोट्याच्या वरचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं बजावून घरी पाठवलं. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. बाळंतपण सोडलं तर या बावीस वर्षांत मी सलग आठ दिवस कधी घरी बसले नव्हते.

आमचं गाव मुरुमपासून थोडं आत, कर्नाटकाच्या शिवेजवळ आहे. घर मेंढरांचं. आधी सासरे मेंढरं राखायचे, आता माझे मालक राखतात. सकाळी कळप घेऊन ते निघतात ते दिवस मावळताना परततात. मुलगी लातूरला नर्सिंग शिकते, हॉस्टेलवर असते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या पायाला भिंगरी. कधी शेतावर, कधी गिरणीत, कधी कुणाच्या घरी पापड लाटायला. म्हणजे दिवसभर घरी उरायचो आम्ही दोघंच. प्लास्टरातली मी, आणि सासरे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. बावीस वर्षांत आमचं जे बोलणं झालं ते सगळं लिहून काढलं तर वहीचं एक पानही भरणार नाही. 'जेवायला वाढलंय', 'पाणी ठेवलंय', 'बस निघंल, जाते'. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नाही, आणि त्यांनी कधी मान वर करून माझ्याकडं पाहिलं नाही. मला कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं होतं. बाईमाणूस, पुरुषांच्या गर्दीत, खाकी कपडे. मामा तेवढे गप्प होते. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी नाराजी असाच लावून ठेवला होता.

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून जायचे. त्यांच्या थोरल्या भावानं पूर्वी कधीतरी डोळा करून घेतला होता, आणि पट्टी काढल्याच्या चौथ्या दिवशी तो मेंढरांमागं रानात गेला. धूळ गेली, घाम गेला, डोळा कायमचा गेला. भावाची चूक होती हे मामांना कळत होतं, पण भीती काही जात नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते दुसऱ्याच्या कळपातली दोन मेंढरं आपली म्हणून घेऊन आले. आयुष्यभर ज्यांनी अंधारातसुद्धा आपलं मेंढरू खुरावरून ओळखलं, त्यांना हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन मेंढरं त्यांनी स्वतः परत नेऊन दिली आणि मेंढरं राखायची काठी मुलाच्या हातात ठेवली. त्यानंतर ते अंगणातल्या लिंबाखालीच बसायला लागले.

माझी बाजही त्याच लिंबाखाली टाकली गेली, कारण घरात उकडायचं. आत्या बाहेर पडताना म्हणाल्या, "एकाला दिसंना, एकीला उठंना. बसा आता राखण करीत."

पहिले तीन दिवस आम्ही एका झाडाखाली बसून एक शब्द बोललो नाही. मी पदर सारखा करत होते, ते काठीनं मातीत रेघा ओढत होते. चौथ्या दिवशी सकाळी ते अचानक म्हणाले, "आली बग."

मी रस्त्याकडं पाहिलं. "कोण आलं, मामा?"

"खाली न्हाय. वर. लिंबात."

वर एक चिमणी बसली होती. तीन तीन ठोक्यांत एकसारखी ओरडत होती. चिलप, चिलप, चिलप. मग जरा थांबायची, पुन्हा तेच.

"चिमणी हाय," मी म्हणाले.

"कसली?"

"कसली म्हणजे? चिमणी. आपल्या घरातलीच."

मामा पहिल्यांदा हसले. "घरातली न्हाय ती. अडवी गुब्बी हाय."

मामांचं तरुणपण मेंढरांमागं सीमेच्या पलीकडं, कानडी मुलखात गेलेलं. गुब्बी म्हणजे चिमणी आणि अडवी म्हणजे रान, एवढं मलाही कळत होतं. मुरुमच्या बाजारात निम्मी गिऱ्हाइकं कानडी बोलतात. पण रानची चिमणी आणि घरची चिमणी यांत फरक तो काय असणार, असं मला वाटलं. शिवाय मला दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. मी म्हणाले, "मामा, मी बघतीय की. मातकट रंग हाय. चिमणीची मादी असती तशीच."

"मादी हाय का? बरं. मग नर कुठं हाय?"

"येईल."

"मादी एवढी गाती व्हय सकाळच्या पारी? नर दिसला की सांग मला. गळ्याला काळा असतोय, तुला ठावं हाय."

आमच्या घरात वीजमीटरच्या पेटीमागं चिमण्यांचं एक जोडपं वर्षानुवर्षं राहतं. त्यातला नर ओळखायला डोळे फार चांगले लागत नाहीत. गळ्याखाली काळा डाग, दाढी ठेवल्यासारखा. लिंबावरच्या चिमणीचाही तसा नर येईल आणि मामांना दाखवून देता येईल, म्हणून मी वाट बघत बसले. मला दुसरं काम नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी लिंबावर दोन चिमण्या आल्या. दोघींचाही गळा कोरा. तिसऱ्या दिवशीही त्याच दोघी. काळ्या गळ्याचा नर मीटरच्या पेटीमागून अंगणात यायचा, आत्यांनी टाकलेली भाकरी टिपायचा, आमच्या पायाशी उड्या मारायचा. पण तो लिंबावरच्या त्या दोघींकडं ढुंकून बघत नव्हता, आणि त्या दोघी कधी ओसरीवर येत नव्हत्या. घरचं जोडपं घरात, रानचं जोडपं झाडावर. मधे चार हातांचं अंगण.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कबूल केलं. "मामा, नर काय आला न्हाय."

"आलाय की. त्या दोघांतला एक नरच हाय. तुला कळंना झालंय."

"मग कळायचं कसं?"

हा प्रश्न मी विचारला आणि आमचं बोलणं खरं सुरू झालं. मामा काठी बाजूला ठेवून माझ्याकडं तोंड करून बसले. बावीस वर्षांत ते पहिल्यांदाच असे बसले होते.

"पाठ बग आदी. घरच्या चिमणीच्या पाठीवर काळ्या-तपकिरी रेघा असत्यात. हिच्या पाठीवर हायत का?"

मी बघितलं. पाठ कोरी, धुतलेल्या मातीसारखी एकरंगी. "न्हाईत."

"चोच?"

"बारीक हाय जरा. घरच्या चिमणीची जाड असती."

"काळी का पिवळट?"

"एकाची काळी हाय. दुसरीची फिकी."

"काळ्या चोचीचा नर. आता त्येचा खांदा बग. पंख मिटतो तिथं. तांबूस हाय का? आन त्येच्या खाली पांढरी रेघ."

खांद्यापर्यंत माझी नजर पोचायला आणखी एक दिवस गेला. पक्षी सावलीत बसायचा, कधी पाठमोरा, कधी पानाआड. मग एकदा तो फांदीवरून चालत चालत उन्हात आला. घरची चिमणी उड्या मारते. हा फांदीवर चक्क पाय टाकत चालत होता. आणि खांद्यावर विटेसारखा तांबूस ठिपका, त्याच्या खाली स्वच्छ पांढरी रेघ. मी ते मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

"अजून एक राहिलं," ते म्हणाले. "गळ्याला हळदीचं बोट असतंय. ते दिसलं की झालं."

ते हळदीचं बोट काही मला दिसेना. मी दिवसचे दिवस वर बघत होते, मान अवघडून गेली. फोनवर फोटो काढला तर मातीचा डाग आल्यासारखा आला. मुलीला पाठवला, तिनं विचारलं, "मम्मी, हे काय आहे?" मी सगळी हकीकत लिहून पाठवली. दोन दिवसांनी तिनं कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला. त्यात तोच पक्षी होता, आणि वर नाव छापलं होतं: पीतकंठी चिमणी, रानचिमणी. मी ते मामांना वाचून दाखवलं.

"पीतकंठी म्हंजे?"

"पिवळ्या गळ्याची."

"म्या काय येगळं सांगितलं?" ते म्हणाले, पण आवाजात खुशी होती. आपण रानात पडल्या पडल्या जे बघितलं ते कुणीतरी पुस्तकातही लिहून ठेवलं आहे, हे त्यांना आवडलेलं दिसलं. त्यांनी मला ते पान तीनदा वाचायला लावलं.

मग ते स्वतःहून सांगायला लागले. मेंढरं दुपारी झाडाखाली बसली की मेंढक्यालाही आडवं व्हावं लागतं, आणि आडवं झालं की वर बघण्यावाचून काही नसतं. तसं बघून बघून त्यांना ही चिमणी माहीत झाली. फाल्गुनात पळस फुलला की ती पळसाच्या फुलात चोच घालून रस पिते. थंडीत ज्वारी निघाली की तिचे थवे वावरात उतरतात, दाणे टिपतात, आणि जरा चाहूल लागली की सगळा थवा उठून एकाच बाभळीवर बसतो. अंडी घालायची वेळ आली की थवा फुटतो, जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी झाडाची ढोली शोधते. माणसाच्या छपरात घरटं घालत नाही. "गावाजवळ राहील, मेंढरांजवळ राहील, पर घरात पाय ठेवणार न्हाय," ते म्हणाले.

आमच्या लिंबाची एक फांदी पूर्वी कधी वीज पडून वाळली होती. तिच्या बुडाशी मनगट जाईल एवढी ढोली होती. त्या दोघांनी तीच धरली. मादी मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणावर जायची, काट्यांना अडकलेली लोकर ओढून काढायची आणि चोचीत काळा गोळा घेऊन ढोलीत शिरायची. आमच्या मेंढरांची लोकर तिच्या पिल्लांच्या अंथरुणाला चालली, हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "काळी न्हेती का पांढरी?" मी म्हणाले काळी. "मऊ नसती ती," ते म्हणाले, "पर ऊब लई धरती."

उन्हं वाढली तशी मी आत्यांना सांगून फुटक्या माठाचं बूड लिंबाखाली ठेवून घेतलं आणि त्यात पाणी भरवलं. एक दिवस दुपारी नर खाली उतरला, काठावर बसला, चोच बुडवली आणि पाणी गिळायला मान वर केली. माझ्यापासून फार तर सहा हातांवर. त्या क्षणी गळ्यावर पिवळं दिसलं. नखाएवढं, फिकं, हळदीचं बोट लावून पुसून टाकावं तसं.

"दिसलं, मामा," मी हळूच म्हणाले. "पिवळं दिसलं."

"हलू नगं," ते म्हणाले. तेही हलले नाहीत. पक्षी दोन-तीन घोट पिऊन उडून गेला. मामा म्हणाले, "किती वर्सं झाली म्या ते बघून."

मी तेव्हा काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. पण मी कंडक्टर आहे, सरळ बोलायची सवय लागलीय. मी म्हणाले, "मामा, मी कुठवर सांगत राहू? मला तांबूस म्हणजे विटेसारखं दिसतं, तुमच्या मनात अजून काय असंल. तुमीच बघा की."

"मला दिसलं असतं तर तुला कशाला इचारलं असतं?"

"मग दिसायची सोय करा."

ते उठले आणि आत गेले. त्या दिवशी ते परत बाहेर आलेच नाहीत. मी फार बोलले, असं मला वाटलं. आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं केलंस. माझं तर ऐकतच न्हाईत."

चार दिवस ते माझ्याशी पक्ष्याशिवाय दुसऱ्या कशाबद्दलही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी विचारलं, "तो डोळ्याचा दवाखाना तुझ्या बसच्या वाटंवर हाय का?"

"उमरग्यात स्टँडपासून जवळच हाय."

"तुझी बस चांगली चालती," ते म्हणाले. मला कळेना, माझी बस त्यांना कशी माहीत. मग त्यांनीच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ते मुरुमला माझ्या बसमध्ये चढले होते. तो दिवस मला आठवत होता. मी त्यांना तिकीट दिलं होतं, त्यांनी मान खाली घालून घेतलं होतं आणि शेवटच्या सीटवर जाऊन बसले होते. मला त्यांची लाज वाटली असं नाही. त्यांना माझी वाटतेय असं मला वाटलं होतं, आणि त्या दिवशी घरी येऊन मी रडले होते.

"तू कामात हुतीस," मामा म्हणाले. "म्हणून बोललो न्हाय. मागं बसून ऐकत हुतो. एक दारुडा चढला हुता, त्येला तू खाली उतरवलंस. आवाज चढवला न्हाईस, शिवी न्हाय, काय न्हाय. 'दादा, उतरा' म्हणालीस आन तो उतरला. म्या शेजारच्या माणसाला म्हणलं, ती माझी सून हाय."

मी पदर डोळ्यांना लावला तर मामा म्हणाले, "काय झालं? पाय दुखतोय का?" मी हो म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी माझं प्लास्टर काढायचं होतं. त्याच दिवशी आम्ही दोघं उमरग्याला गेलो. मालक सोबत होते. एका हातानं मला धरत होते, दुसऱ्या हातानं वडिलांना. माझा पाय काडीसारखा बारीक झाला होता, पण हाड जुळलं होतं. मामांचे डोळे बघून डॉक्टर म्हणाले की उजवा आधी करू, डावा दिवाळीनंतर. मामांनी एकच विचारलं, "धुळीत कवा जायचं?" डॉक्टरांनी सांगितलं, सव्वा महिना अजिबात नाही. "न्हाय जाणार," मामा म्हणाले. ते कबूल करताना मी त्यांचा हात धरला. त्याआधी मी त्यांना नमस्कार करताना पायाला शिवले होते, हाताला कधीच नाही.

ऑपरेशन मेच्या पहिल्या आठवड्यात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पट्टी काढली तेव्हा मी समोर उभी होते, काठी टेकून. मामांनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. मग माझ्याकडं बघत राहिले. माझा पदर खांद्यावर होता, घ्यायचं सुचलंच नाही.

"तुझं केस पिकलं की गं, पोरी," ते म्हणाले.

दवाखान्यातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मला बावीस वर्षांनी माझ्या सासऱ्यांनी पाहिलं, आणि पहिली गोष्ट दिसली ती ही.

त्यांना हिरव्या काचेचा चष्मा दिला होता. घरी आलो तर ढोलीतून चिवचिव ऐकू येत होती. आमच्या माघारी पिल्लं निघाली होती. मामा चष्म्यातून वर बघून म्हणाले, "हिरवी दिसती. लिंब बी हिरवा, गुब्बी बी हिरवी." सोय करून घेतली तरी रंग काही दिसेनात. चष्मा काढायला मी सक्त मनाई केली होती. डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा मीच घालायचे, घड्याळ लावून. ते लहान मुलासारखे मान मागं टाकून बसायचे.

त्याच आठवड्यात मालकांनी कुऱ्हाड काढली. वाळलेली फांदी मेंढरांच्या वाड्यावरच्या पत्र्यांवर झुकली होती आणि मे महिन्याचं वादळी वारं सुटायला लागलं होतं. फांदी पडली असती तर मेंढरं मेली असती. त्यांचं चुकत नव्हतं. पण मामा म्हणाले, "दोन आठवडे थांब."

काठी दिल्यापासून मामांनी मुलाच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं. मालक थांबले. "कशाला?"

"पिल्लं हायत ढोलीत."

"चिमणीची पिल्लं, आबा? आन वारं आलं तर मेंढरांचं काय?"

"मेंढरं दुसऱ्या कोपऱ्यात बांध. दोन आठवड्यांत उडत्यात. नंतर म्या सोता फांदी धरतो."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "दोन आठवडेच." त्यांनी कुऱ्हाड ठेवली, वाड्याचा तो कोपरा मोकळा केला आणि मेंढरं या बाजूला दाटीवाटीनं घातली. रोज संध्याकाळी आल्यावर मात्र विचारायचे, "उडाली का?" आधी वैतागून विचारायचे, नंतर नंतर खरंच कळावं म्हणून.

त्या दिवसांत मी नर-मादीच्या खेपा बघायचे. चोचीत अळी, नाकतोडा, कधी कसला तरी पंखाचा किडा. दाणे टिपणारा पक्षी पिल्लांना मात्र किडेच चारतो, हे मला तेव्हा समजलं. मामा आवाजावरून सांगायचे, आज पिल्लांचा गळा मोठा झाला, आज एक तोंडाशी आलंय. मी वर बघायचे तर खरंच ढोलीच्या तोंडाशी एक डोकं. तेरा-चौदा दिवसांनी, एका सकाळी तिन्ही पिल्लं बाहेर पडली. एक लिंबावरच राहिलं, एक वाड्याच्या कुंपणावर, आणि एक सरळ आत्यांच्या पाटीत पडलं. आत्यांनी पाटी तशीच उचलून फांदीला लावली आणि म्हणाल्या, "जा बाई, लई दिवस ऐकलं तुझं." ते गेलं.

त्याच दिवशी फांदी कापली. मामांनी दोर धरला, चष्मा लावून, लांबून. वादळ नंतर चौथ्या दिवशी आलं आणि शेजारच्यांचे पत्रे उडाले. आमच्या मेंढरांना काही झालं नाही.

जूनमध्ये डॉक्टरांनी सकाळच्या सावलीत चष्मा काढायला परवानगी दिली. पहिल्याच सकाळी मामा ओसरीच्या खांबाला टेकून बसले, माठाच्या बुडाकडं तोंड करून. मी चहा ठेवत होते. नर आला, पाणी प्यायला, मान वर केली. मी मामांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. पक्षी गेल्यावर ते म्हणाले, "लई फिकं झालंय. आमच्या येळला जास्त पिवळं हुतं." मग चष्मा परत डोळ्यावर चढवत, "का माझंच मन जास्त पिवळं करीत हुतं, कुणास ठाऊक." आणि चहा मागितला.

जुलैत मी कामावर रुजू झाले. पाय थंडीत ठणकतो, पायऱ्या मी मोजून उतरते. डोक्यावर पदर मी मामांसमोर अजून घेते, सवय आहे, पण तो घसरला तर दोघांपैकी कुणाचंच लक्ष जात नाही. संध्याकाळी घरी आले की ते दिवसभरात काय काय आलं-गेलं ते सांगतात, आणि मी बसमध्ये काय घडलं ते सांगते. आत्या म्हणतात, यांना आता माझ्याशी बोलायला वेळ नाही. माझे वडील मी लहान असताना गेले. 'वडिलांनी शिकवलं' असं बाकीच्या बायका म्हणायच्या तेव्हा मला गप्प बसावं लागायचं. आता मलाही दोन-चार गोष्टी सांगता येतात. त्या पायरीवरून पडले याबद्दल देवाचे आभार मानावेत असं म्हणणं वेडेपणाचं होईल, तेव्हा फार दुखलं होतं. पण त्या म्हातारीचे, डॉक्टरांचे, आणि ज्यांनी मला माझ्याच अंगणात बघायला शिकवलं त्या मामांचे उपकार मला रोज आठवतात.

दिवाळीनंतर त्यांचा डावा डोळाही झाला. जानेवारीत मी दोन दिवस माहेरी, तेरला गेले होते. तेरणा नदीच्या काठच्या वावरात हुरडा काढून झाला होता, आणि कापलेल्या ज्वारीत बारक्या पाखरांचा थवा उतरला होता. रानचिमण्याच, असं वाटून मी मामांना फोन लावला आणि आवाज ऐकू जावा म्हणून फोन वावराच्या दिशेनं धरला.

"न्हाय," पलीकडून मामा म्हणाले. "ह्यो आवाज येगळा हाय. चोच कशी हाय?"

"जाड हाय. राखी रंगाची."

"शेपूट?"

"काळं. टोकदार."

"मग ती न्हाय. ह्ये दुसरंच हाय. पोट कसं हाय?"

"दिसंना, मामा. पाठमोरी बसलीत."

"मग फोन चालू ठेव आन फिरून समोर जा. हळू जा, पाय संभाळ."

मी चप्पल काढून हातात घेतली आणि ज्वारीच्या धसकटांतून वळसा घालून हळूहळू पुढं सरकायला लागले.